वाकडं-डावं म्हणजे नेमकं किती?

मंगळवार, सकाळचे नऊ वाजायला दहा मिनिटं. त्सोनका मिंचेवांचा आजचा दुसरा फोन चालू आहे. कानाला हेडफोन, हाताशी गार झालेली कॉफी, समोर पडद्यावर चार रकाने. पलीकडे नायडेन. वय सत्तर. रुसे शहराच्या पूर्वेला त्याचा खोकी बनवण्याचा कारखाना आहे, फळांसाठी लाकडाची आणि बाकी सगळ्यासाठी पुठ्ठ्याची. माल विकला जायच्या आधी खोकी विकली जातात, म्हणून बाई त्याला सुरुवातीलाच गाठतात.

पुढचे तीन महिने विक्री कशी राहील, असं त्यांनी विचारलं आहे. मागे करवत ओरडते आहे. नायडेन ती थांबायची वाट पाहतो.

"क्रिवो-ल्यावो, त्सोनके."

वाकडं-डावं. म्हणजे, चाललंय आपलं. मिंचेवाबाई चौथ्या रकान्यात खूण करतात आणि पुढचा प्रश्न विचारतात.

हा चौथा रकाना गेल्या एप्रिलपर्यंत नव्हता. येत्या जानेवारीनंतर तो राहील का, आणि मुळात हे फोन राहतील का, हे अजून ठरायचं आहे. बाई एकसष्ट वर्षांच्या आहेत आणि एकोणीस वर्षं हे फोन करताहेत. फेब्रुवारीत फोन वाचवण्याची पक्की सोय त्यांच्या हातात आली होती. ती त्यांनी स्वतःच्या हातानं मोडली.

व्यापारी-उत्पादक संघाची कचेरी डॅन्यूबपासून दोन गल्ल्या आत, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आहे. संघ दर तिमाहीला एक आकडा छापतो: पुढच्या तीन महिन्यांत जिल्ह्यातली विक्री गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के वर किंवा खाली जाईल. तो आकडा पाहून कोणी बेकरीत दुसरी भट्टी घेतो, कोणी बंदरावरचं गोदाम सोडून देतो. तो काढताना बंदरातली मालाची आवक, विजेचा खप, कराचा भरणा हे सगळं यंत्रात जातं, आणि त्यात शंभरेक धंदेवाल्यांची उत्तरं मिसळली जातात. ती उत्तरं फोनवरून मिंचेवाबाई घेतात. यंत्र चालवायचं कामही त्यांचंच.

प्रश्नाला तीन उत्तरं होती: वाढ, तेवढंच, घट. अडचण अशी की रुसेमध्ये धंदा चांगला चालला आहे असं कोणी तोंडानं म्हणत नाही. म्हटलं की कर खात्याचा माणूस दारात येतो, नाहीतर मेहुणा उसने मागायला येतो. दोघंही चुकले तर दृष्ट आहेच. वाईट चाललंय असंही कोणी म्हणत नाही, उधारीवर माल देणारे ऐकत असतात. त्यामुळे तिघांतला एक तरी एवढंच म्हणतो, वाकडं-डावं. तिसरी शाखा उघडणाराही तेच म्हणतो आणि टाळं लावायला निघालेलाही तेच.

मग बाई कान लावत. मागे यंत्रं चालू आहेत का, बोलणारा घाईत आहे का, हसून बोलतोय की श्वास सोडून. त्यावरून तीनपैकी एका रकान्यात खूण. "आमच्या बाईंना नुसत्या खोकल्यावरून तिमाही कळते," असं हिशेब पाहणारी स्ताम्का पाहुण्यांना सांगत असे. बाई तिला अडवत नसत. त्यांना ते आवडत असावं.

त्या मूळच्या जवळच्याच ब्यालाच्या. स्विश्तोवला संख्याशास्त्र शिकल्या आणि सरकारी यंत्र-कारखान्याच्या नियोजन खात्यात लागल्या. तिथं अंदाज कधी चुकत नसे. योजनेत जो आकडा असेल त्याच्या एकशेदोन टक्के उत्पादन झाल्याचं वर्षाअखेरीला निघे, दरवर्षी, कारण योजनेवरूनच ते लिहिलं जाई. सात वर्षं बाईंनी हा न चुकणारा अंदाज टंकलेखन यंत्रावर बडवला. मग राजवट गेली, कारखाना गेला, आणि शहाण्णवच्या हिवाळ्यात अशी महागाई आली की दुकानदार किमती खडूनं लिहायला लागले. बाई तेव्हा पिठाच्या गिरणीत किमतींचे अंदाज काढत. सकाळचा आकडा दुपारी शिळा होई. "पहिल्या नोकरीत मी चुकूच शकत नव्हते, दुसरीत बरोबर येऊच शकत नव्हते," असं त्या सांगतात. "संघात आले आणि पहिल्यांदा कळलं की चूक मोजता येते."

चूक मोजणं हा त्यांच्या नोकरीचा खरा भाग. दर जानेवारीत गेल्या वर्षीचे चार अंदाज आणि खरे निघालेले चार आकडे शेजारी ठेवायचे, प्रत्येकातला फरक काढायचा, वर चुकलो की खाली हे विसरायचं आणि सरासरी घ्यायची. पण नुसत्या सरासरीला अर्थ नसतो. दीड टक्क्याची चूक चांगली की वाईट, हे समोर दुसरा गडी असल्याशिवाय कळत नाही. म्हणून बाईंनी पहिल्याच वर्षी एक गडी उभा केला. त्याचं नाव आळशी. आळशी काहीच करत नाही. गेल्या तिमाहीत जे झालं तेच पुढच्या तिमाहीत होईल, एवढंच म्हणतो. ज्या यंत्राला आळशाला हरवता येत नाही त्याच्या विजेचे पैसेही वसूल होत नाहीत, हा कचेरीतला नियम.

दुसरा गडी बनित्सा, म्हणजे चीज भरून भाजलेला पापुद्र्यांचा पदार्थ. नव्या वर्षाच्या बनित्सात घरोघरी भविष्याच्या चिठ्ठ्या घालतात: आरोग्य, प्रवास, लग्न. स्ताम्काच्या बनित्सात टक्के असतात, उणे आठपासून अधिक आठपर्यंत. जानेवारीत सगळे जमतात, बोझा हे धान्याचं आंबूस पेय पितात, चार तुकडे चार तिमाह्यांच्या नावानं उचलतात, आणि तेलकट चिठ्ठ्या फळ्यावर टाचल्या जातात. वर्षाच्या शेवटी त्यांचीही चूक मोजायची, तेवढ्याच काटेकोरपणे. दोन हजार वीसच्या दुसऱ्या तिमाहीला बनित्सातून उणे सात निघालं होतं आणि सगळे हसले होते. यंत्र म्हणालं होतं अधिक तीन. मग साथ आली, दुकानं बंद झाली, खरा आकडा उणे अकरा. त्या वर्षी यंत्राला बनित्सानं हरवलं. स्ताम्का अजून त्याची आठवण काढते.

गेल्या जानेवारीत यंत्र पुन्हा हरलं, आळशाकडूनही आणि बनित्साकडूनही. वीज आणि गॅसच्या भावांचं ते वर्ष होतं, भल्याभल्यांचे अंदाज कोसळले. पण संघाचा नवा संचालक याव्होर कोलारोव त्याच महिन्यात रुजू झाला होता. वय अडतीस, आधी सोफियाला बँकेत अंदाजाचंच काम. माणूस नम्र, कामाचा. त्यानं बनित्सा खाल्ला, स्ताम्काचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावलं. फोन बंद करावेत असं त्याच्या मनात होतं. धंदेवाल्यांना मोबाइलवर एक अर्ज पाठवायचा, तीन गोल, एकावर बोट, संपलं. पण हुकूम काढायच्या आधी त्यानं एक गोष्ट केली, जी फार संचालक करत नाहीत.

"फोनमुळे अंदाज सुधारतो की नाही, तुम्हीच तपासा, मिंचेवाबाई. सुधारत नसेल तर एप्रिलपासून बंद."

"माझाच गळा, आणि दोरी मीच वळायची?"

"दुसऱ्याला दिली तर गाठ नीट बसणार नाही, असं स्ताम्काबाई म्हणाल्या."

घरी नवऱ्याला त्यांनी हे सांगितलं. लाचेझार बंदरात क्रेनवर होता, आता निवृत्त आहे आणि रोज सकाळी खिडकीतून पाहून नदीचं पाणी चढेल की उतरेल ते सांगतो. फोन गेले तर तू दिवसभर कोणाशी बोलणार, असं त्यानं विचारलं. तुमच्याशी, असं बाई म्हणाल्या. मग फोन वाचव, असं तो म्हणाला.

तपासणीचा नियम साधा आणि पाळायला अवघड. जुन्या प्रत्येक तिमाहीचा अंदाज पुन्हा काढायचा, एकदा फोनची उत्तरं घेऊन आणि एकदा ती वगळून. पण त्या दिवशी जे ठाऊक होतं तेवढ्यावरच. खरे आकडेही सरकारकडून एकदाच येत नाहीत. पहिला येतो, मग सहा महिन्यांनी सुधारलेला, मग आणखी एक. आज हाताशी असलेला सुधारलेला आकडा दोन हजार सोळाच्या यंत्रात घातला तर ते यंत्र हुशार दिसतं, पण ती कॉपी झाली. बाईंनी दरवेळचा पहिला आकडा जपून ठेवलेला होता, कारण हे कधीतरी लागणार हे त्यांना माहीत होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उत्तर निघालं. गेल्या नऊ वर्षांत आळशाची सरासरी चूक दोन टक्के. फोन वगळून यंत्राची एक पूर्णांक नऊ, म्हणजे आळशापेक्षा जेमतेम बरी. फोन घेऊन एक पूर्णांक सहा.

याव्होरनं आकडे दोनदा पाहिले आणि मोकळेपणानं हार मानली. फोन राहतील, असं तो म्हणाला. कागद त्या दिवशीच मंडळाकडे गेला असता. पण बाईंनी तो मागे ठेवला. एवढी सुधारणा नेमकी कोणत्या उत्तरांतून येते, हे त्यांना पाहायचं होतं. ज्यांनी स्पष्ट वाढ किंवा घट सांगितली त्यांच्यामुळे, की ज्यांनी वाकडं-डावं म्हटलं त्यांच्यामुळे? बाई प्रत्येक वाकड्या-डाव्या उत्तरापुढे खूण करताना टिपणीत दोन अक्षरं टाकत असत, त्यामुळे ती वेगळी काढता आली. ती सगळी त्यांनी 'तेवढंच'मध्ये टाकली आणि यंत्र पुन्हा चालवलं. चूक परत एक पूर्णांक नऊ.

म्हणजे सगळा फायदा त्यांच्या कानाचा होता. याव्होरनं हे ऐकल्यावर तर स्ताम्काचं खोकल्याचं वाक्य त्याच्याही तोंडी आलं. बाईंनी त्याच्याकडे एकच मागणी केली. शिकाऊ लोकांसाठी फोनचं ध्वनिमुद्रण ठेवलेलं असतं. त्यातली वाकडं-डावं म्हणणारी उत्तरं त्यानं काढावीत, तारखा पुसाव्यात, पत्त्यांसारखी पिसावीत आणि आपल्याला द्यावीत. आपण ती पुन्हा ऐकू आणि पुन्हा खुणा करू. कान खरा असेल तर खुणा जुळतील.

पंधरा दिवस बाई कोपऱ्यातल्या खोलीत बसून स्वतःचाच आवाज ऐकत होत्या. तरुण आवाज, सर्दी झालेला आवाज, कुठल्यातरी जुन्या हिवाळ्यात तोच प्रश्न विचारणारा. वारलेली माणसंही त्यात होती. ऐकायचं, खूण करायची, पुढचं.

खुणा दहापैकी सहाच जुळल्या. तेवढ्यावर थांबता आलं असतं. माणसाचा कान आहे, दिवसागणिक बदलतो. पण बाईंनी न जुळलेल्या खुणा तिमाहीवार मांडल्या, तेव्हा वेगळंच दिसलं. नव्या खुणा विखुरलेल्या होत्या, एकाच तिमाहीत कोणी वर, कोणी खाली. जुन्या खुणा मात्र एका तिमाहीत सगळ्या एकाच बाजूला. बेकरीवाला, शिंपी, खोकीवाला, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशांची वाकडी-डावी उत्तरं एका आठवड्यात मिळून वर झुकलेली, तर दुसऱ्या तिमाहीत मिळून खाली. धंदेवाले असे एकत्र झुकत नाहीत. झुकणारं माणूस एकच होतं, आणि ते ऐकण्याच्या बाजूला बसलं होतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. यंत्राचा कच्चा आकडा शुक्रवारी निघतो आणि फोन सोमवारी सुरू होतात. तो आकडा पाहून बाईंच्या मनात शनिवार-रविवारी एक मत तयार होई: हा फार कमी आहे, किंवा हा फार जास्त आहे. बाजारातली गर्दी, बंदरावर थांबलेले पडाव, लाचेझारची बडबड, सगळं त्यात असे. सोमवारी त्या ते मत घेऊनच ऐकायला बसत. मत बऱ्याचदा बरोबर होतं, म्हणून चूक कमी झाली. पण ते मत नायडेनचं नव्हतं. मन कोरं ठेवून केलेल्या खुणा यंत्रात घातल्यावर चूक एक पूर्णांक नऊवर परत आली.

त्यांनी हे अहवालात लिहिलं. याव्होर अहवाल घेऊन त्यांच्या टेबलापाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. शेवटचं पान काढून टाकावं असं त्याचं म्हणणं होतं.

"चूक कमी झाली की नाही? मग ती कुठून कमी झाली याच्याशी मंडळाला काय करायचंय?"

"आपण छापतो, 'शंभर धंदेवाल्यांचं मत'. ते एका बाईचं मत आहे."

"बरोबर येणाऱ्या बाईचं."

"येतंय तोवर येतंय, याव्होरसाहेब. ज्या दिवशी माझं डोकं फिरेल त्या दिवशी सगळ्या जिल्ह्याचं फिरलं असं तुम्ही समजाल."

याव्होरनं अहवाल उलटा ठेवला. हे पान मंडळाकडे गेलं तर फोन पुन्हा धोक्यात येतील, हे त्यानं स्पष्ट सांगितलं. ते बाईंनाही माहीत होतं. हे तुम्ही खणून काढलं नसतं तर कोणालाच कळलं नसतं, असंही तो म्हणाला.

"कळलं असतं, मी गेल्यावर," बाई म्हणाल्या. "माझ्या जागी दुसरी कोणी आली असती. चूक वर गेली असती. आणि तुम्ही त्या बिचारीला कामचुकार म्हणून काढलं असतंत."

पान राहिलं. मार्चमध्ये मंडळाची बैठक झाली. मोबाइलच्या अर्जाच्या बाजूनं बरेच जण होते, आणि त्यात चूक काही नव्हती. अर्जाला मत नसतं, हा त्यांचा मुद्दा बाईंच्याच अहवालातून आलेला होता. बाईंनी एक वर्ष मागितलं. वाकड्या-डाव्यासाठी चौथा रकाना करायचा. त्या उत्तराचा अर्थ कोणी लावायचा नाही, ते जसंच्या तसं मोजायचं. फोन करणाऱ्यानं कच्चा आकडा पाहायचा नाही. आणि मिंचेवांचं स्वतःचं मत फुकट जायला नको असेल तर ते वेगळं मांडावं, त्यांच्या नावानं चिठ्ठी लिहून फळ्यावर, फोन सुरू व्हायच्या आधी. जानेवारीत सगळ्यांची चूक मोजायची: यंत्र आणि फोन, आळशी, बनित्सा, मिंचेवा. फोनसह यंत्र आळशाला हरवू शकलं नाही तर फोन बंद. हा शेवटचा नियम बाईंनीच लिहून दिला, निकाल दिसल्यावर कोणाला तो वाकवता येऊ नये म्हणून. त्या कोणालामध्ये त्यांनी स्वतःला धरलं होतं.

म्हणजे एकोणीस वर्षं जो आकडा त्यांच्या हातून निघत होता, तो आता याव्होर काढतो. फाइलीला संकेतशब्द आहे आणि बाईंना तो माहीत नाही. पहिल्या तिमाहीत त्यांनी तीन वेळा सवयीनं ती फाइल उघडायचा प्रयत्न केला, असं स्ताम्का सांगते. बाई म्हणतात दोन वेळा.

एप्रिलमध्ये त्यांनी नायडेनला चौथ्या रकान्याबद्दल सांगितलं. त्यानं मागची करवत थांबवायला लावली. मग म्हणाला, "मग इतकी वर्षं माझं वाकडं-डावं कुठं टाकत होतीस?"

"कधी वर, कधी खाली."

"मला विचारायचंस की."

"विचारत होते, नायडेनदादा. तुम्ही परत तेच म्हणायचात."

"मग दुसरं काय म्हणणार? मला तरी कुठं ठाऊक असतं?"

बाईंनी करवत सुरू व्हायची वाट पाहिली, पण ती सुरू झाली नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी या शब्दामागे चांगलं लपलंय की वाईट, हेच शोधलं होतं. तो खरंच ठाऊक नसल्याचं सांगत असेल, ही शक्यता त्यांनी कुठल्याच रकान्यात धरली नव्हती.

आता ती धरली जाते. एप्रिलमध्ये चौथ्या रकान्यात तिघांतला एक होता, जुलैमध्ये थोडे जास्त. जास्त लोकांना ठाऊक नसतं तेव्हा अंदाजही जास्त चुकतो का, असं याव्होरनं विचारलं. बाई म्हणाल्या, दोन ठिपके आहेत, दोन ठिपक्यांतून रेघ नेहमीच जाते. पाच-सहा वर्षांनी विचारा. त्यांना निवृत्त व्हायला तेवढा वेळ नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

आतापर्यंतचा हिशेब असा: पहिल्या दोन फेऱ्यांत फोनसह यंत्र आळशाच्या किंचित पुढे आहे, एवढं किंचित की सरकारचा सुधारलेला आकडा आला तर मागेही जाईल. स्वतःच्या नावानं मांडलेल्या मतात मिंचेवा एकदा सगळ्यांच्या पुढे होत्या आणि एकदा बनित्साच्याही मागे. ती दुसरी चिठ्ठी याव्होरनं फळ्यावरून काढायची तयारी दाखवली होती. बाईंनी ती राहू दिली.

साडेबारा वाजता त्या हेडफोन काढतात. बाहेर कुठल्यातरी गच्चीत मिरच्या भाजल्याचा वास आहे, लाचेझारही घरी तेच करतो आहे. आजच्या उत्तरांत एक शिंपी खरोखर 'वाढ' म्हणाला. बाईंनी त्याला दोनदा विचारलं, मग पहिल्या रकान्यात खूण केली आणि स्ताम्काला सांगितलं.

उद्या बुधवार. यादीत पहिलं नाव स्मिर्नेन्स्की वस्तीतल्या बेकरीचं आहे. बेकरी पहाटे भाजणं संपवून साडेआठला फोन घेते, त्यामुळे मिंचेवाबाई सव्वाआठला कचेरीत असतील. कच्च्या आकड्याची फाइल याव्होर अकरा वाजता उघडेल, दार लावून.